गुल्ला भाषेतील ‘डेक्लीन’ : शब्द इंग्रजी, घडण आफ्रिकी

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनाऱ्यावर व लगतच्या बेटांवर, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांकडून बोलल्या जाणाऱ्या गुल्ला भाषेत पहाटेला ‘डेक्लीन’ म्हणतात. ‘डे’ आणि ‘क्लीन’ हे दोन्ही घटक इंग्रजी असल्याने हा शब्द इंग्रजीचाच अपभ्रंश मानण्याचा मोह होतो. परंतु उजाडण्याला ‘दिवस स्वच्छ होणे’ म्हणण्याची रीत पश्चिम आफ्रिकेतील भाषांमधून आलेली मानली जाते. मराठीत ‘स्वच्छ दिवस’ असे लिहिल्यास निरभ्र आकाशाचा बोध होईल, तर ‘झुंजुमुंजू’त अंधार बराच शिल्लक असतो. मला ‘फटफटणे’ हे क्रियापद त्यातल्या त्यात जवळचे वाटते.

आफ्रिकी मूळ शोधताना बहुधा थेट आलेले शब्दच मोजले जातात. भुईमुगाच्या शेंगेला ‘गूबर’ म्हणतात, त्याचे मूळ मध्य आफ्रिकेतील बांटू भाषांच्या ‘ङ्गुबा’त आहे, तिळाला ‘बेने’ म्हणतात, आणि गोऱ्या माणसासाठीचा ‘बक्रा’ हा शब्द नायजेरियातील एफिक-इबिबियो भाषांतील ‘म्बाकारा’वरून आला आहे. (आपल्या बकऱ्याशी त्याचा काहीही संबंध नाही.) लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने 1949 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शब्दांचा मोठा संग्रह दिला, तोपर्यंत गुल्ला म्हणजे अडाण्यांची मोडकी इंग्रजी असाच समज रूढ होता. टर्नर यांना मिळालेल्या शब्दांपैकी बहुसंख्य ही माणसांची नावे होती. ती कागदोपत्री नसून केवळ घरात हाक मारण्यापुरती वापरली जात, त्यामुळे परक्याने विचारल्यावर फक्त इंग्रजी नाव सांगितले जाई.

मात्र माझ्या मते शब्दसंख्येपेक्षा ‘हुन्ना’ हे एकच सर्वनाम अधिक बोलके आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘यू’ एकाला आणि अनेकांना सारखेच चालते. गुल्लाने मात्र ‘तुम्ही सगळे’ यासाठी वेगळा शब्द राखला, आणि त्याचे नाते नायजेरियातील इग्बो भाषेतील ‘उनु’शी जोडले जाते. तरीही तो सरसकट ‘तुम्ही’ असा भाषांतरित करू नये, कारण आपले ‘तुम्ही’ एका वडीलधाऱ्या व्यक्तीलाही आदराने लागते, आणि ‘हुन्ना’त आदर नसून केवळ संख्या आहे, तेथे ‘तुम्ही सगळे’ किंवा ‘तुम्ही लोक’ असेच लिहावे लागेल.