कृष्णवर्णीयांची वेगळी कॉलेजं आता कशाला?

वाचनवेडा: अमेरिकेत खास कृष्णवर्णीयांसाठी १९६४ पूर्वी निघालेली सुमारे १०० कॉलेजं आजही चालू आहेत. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद होती तेव्हा ठीक होतं. आज हार्वर्डपासून सगळीकडे प्रवेश मिळतो, मग ही वेगळी चूल कशाला?

शंकासूर: चूल हौसेने मांडलेली नाही हो! कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शलचंच बघा. गडी बाल्टिमोरचा. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल गावातच, पण तिथे काळ्यांना प्रवेश नाही. मग रोज आगगाडीने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात. फीसाठी आईने लग्नातली अंगठी गहाण टाकली. १९३३ मध्ये पहिल्या नंबराने पास झाला आणि दोनच वर्षांत, आपले गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्याबरोबर, त्याच मेरीलँडला कोर्टात खेचून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला. १९५४ चा शाळांमधला वर्णभेद मोडणारा खटलाही त्यानेच लढवला. १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश.

वाचनवेडा: मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की. ज्याने वेगळ्या शाळा मोडल्या, त्याच्याच नावाने वेगळ्या कॉलेजांची भलामण?

वऱ्हाडी ठेचा: बंदी उठली म्हणून आपली संस्था मोडीत काढायची का? कमला हॅरिस १९८६ ला हॉवर्डमधून पदवीधर झाल्या, तेव्हा दारं उघडीच होती. आणि आमच्या वर्ध्याचा धागा विसरू नका. हॉवर्डमध्ये धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस वर्ध्यात गांधीजींना भेटले, अहिंसेवर खोदून खोदून बोलले. पुढे ते अटलांटाच्या मोरहाउस या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे अध्यक्ष झाले. १९४४ ला तिथे पंधरा वर्षांचा एक पोरगा दाखल झाला, मार्टिन ल्यूथर किंग. मेज यांना तो गुरू मानायचा.

रोखठोक: गुरुभक्ती राहू द्या, पैशाचं बोला. वेगळं ठेवलं की वाटा मारला जातो. २०२३ मध्ये केंद्राच्या दोन मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली: तीस वर्षांत तुमच्याकडच्या कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांना १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी दिलेत.

शंकासूर: मग थकबाकी वसूल करायची की कॉलेजला टाळं ठोकायचं?

वाचनवेडा: वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड स्टेटमध्ये बहुसंख्य विद्यार्थी गोरे आहेत. तेही कृष्णवर्णीयांच्या याच कॉलेजांच्या यादीत. आता बोला!

वऱ्हाडी ठेचा: म्हणजे तिथे कुणालाही प्रवेश मिळतो. हा मुद्दा तुमचा की आमचा?