मातीतला स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू, मॅच 98.2 टक्के. नवीन स्पीशीज म्हणायची का?

काळी_माती:
नमस्कार, एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मामाच्या उसाच्या शेतातली माती आणली, वाळवली, डायल्यूशन करून (पाण्यात पातळ करत) स्टार्च केसीन अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर टाकली आणि दहाव्या दिवशी एक कॉलनी अशी दिसली की मी तिच्या प्रेमातच पडले. वरून राखाडी, खडूची भुकटी भुरभुरल्यासारखी, खालचा अगार चॉकलेटी झालेला, तारेच्या लूपने उचलायला जावं तर निघतच नाही इतकी रुतून बसलेली, आणि झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास. बाहेरून 16एस (जिवाणू ओळखायला वापरतात तो जीन) करून घेतलं, 700 बेसचा, म्हणजे डीएनएच्या 700 अक्षरांचा सिक्वेन्स आला, ब्लास्टला (सिक्वेन्स जुळवून बघायचं ऑनलाइन साधन) जवळचा मॅच 98.2 टक्के स्ट्रेप्टोमायसिस. लिमिट 98.7 आहे ना, त्याच्या खाली आलं, मग ही नवीन स्पीशीज झाली ना? वर्गातले नाव ठरव म्हणून मागे लागलेत. मी घाई करतेय का?

पेट्रीप्लेट:
हो, घाई होतेय, पण कॉलनी मस्त आहे, सोडू नकोस. 98.7 हा आकडा जवळजवळ अख्ख्या 16एस जीनसाठी आहे, म्हणजे साधारण 1500 बेस, तुझ्याकडे अर्धाच आहे. आणि 700 मध्ये 98.2 म्हणजे 12-13 बेसचा फरक, तो नेमका कुठे पडलाय ते बघितलंस का? लॅबकडून क्रोमॅटोग्रामची, म्हणजे एकेका अक्षराच्या सिग्नलच्या आलेखाची फाईल मागून घे. शेवटाकडे पीक (आलेखातली टोकं) एकमेकांवर चढतात आणि मशीन अंदाजाने अक्षर टाकून देतं, तिथले फरक धरायचेच नाहीत. मग 27एफ आणि 1492आर या प्राइमरने (वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) दोन्ही बाजूंनी वाचून घे. ब्लास्टमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्सही येतात त्यामुळे इझबायोक्लाउड या डेटाबेसवर टाक, तिथे टाइप स्ट्रेनशी तुलना होते. ज्या स्ट्रेनवरून स्पीशीजचं नाव पडलं तो टाइप स्ट्रेन, तुलना त्याच्याशीच करायची असते.

सह्याद्रीचा_मायक्रो:
वरचं सगळं बरोबर, पण उलटंही लक्षात ठेव, मॅच 99 च्या वर गेला म्हणजे जुनीच स्पीशीज असंही नाही. बॅसिलस सीरियस, अँथ्रॅक्सवाला अँथ्रासिस आणि कपाशीतलं बीटी जनुक ज्याच्यातून आलं तो थुरिंजिएन्सिस, तिघांचं 16एस जवळपास सारखंच आहे, फरक मुख्यतः प्लाझ्मिडवर, म्हणजे क्रोमोसोमबाहेरच्या डीएनएच्या कड्यांवर. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये तर शेकडो स्पीशीज आहेत आणि 16एस तिथे फार कमी बोलतं. खरा निकाल जीनोमवर, म्हणजे सगळ्या डीएनएवर लागतो, एएनआय (दोन जीनोमचं सरासरी साम्य) 95-96 टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकावर काढलेला अंदाज) 70 च्या खाली असेल तरच वेगळी स्पीशीज म्हणतात. त्याच्या जोडीला फॅटी ॲसिड, सेल वॉल, कुठली साखर खातो, किती मिठात वाढतो हे सगळं करावं लागतं, तेही जवळचे टाइप स्ट्रेन शेजारी एकाच मीडियावर वाढवून.

आणि नाव बदलतंसुद्धा. टीबीचं रिफॅम्पिसिन ज्या कुळातलं आहे ती औषधं देणारा जिवाणू 1957 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातल्या मातीत सापडला, आधी स्ट्रेप्टोमायसिस, 1969 मध्ये नोकार्डिया आणि 1986 मध्ये ॲमायकोलाटॉप्सिस. जिवाणू तोच, बघायची साधनं बदलली.

निवृत्त_प्रयोगशाळा:
पोरी, सगळ्यात आधी ग्लिसरॉल स्टॉक कर, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेव. हे जिवाणू सारखे सारखे सबकल्चर केले, म्हणजे नव्या प्लेटवर वाढवत राहिलं, की काही वेळा टकले होतात, वरची भुकटी येतच नाही, मग तू वर्णन कशाचं करणार?

आमच्या काळात जीनोम कुठला, स्पोरची (बीजाणूंची) साखळी सरळ की गुंडाळलेली, रंग कुठला, एवढ्यावर ओळख व्हायची. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटाने हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं ते स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून, औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांचं नाव आणि जिवाणूला गावाचं. मला अजूनही ते फार आवडतं.

आता नाव मान्य व्हायचं तर टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्थांमध्ये जमा करावा लागतो. आपल्याकडे पुण्यात एनसीएमआर आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे. परदेशी पाठवताना 2002 चा जैवविविधता कायदा मध्ये येतो, तेव्हा गाईडशी आत्ताच बोलून ठेव, पेपर लिहायला बसल्यावर नको.

काळी_माती:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. फाईल मागवली, रात्री बसून एकेक पीक बघितला. 12 पैकी 8 फरक शेवटच्या 40 बेसमध्ये होते आणि तिथे खरंच सगळा गुंता आहे. तेवढं कापलं तर 660 मध्ये 4, म्हणजे 99.4. पाच मिनिटं फार वाईट वाटलं. पण उरलेले चार पीक एकदम स्वच्छ आहेत, ते खरे वाटतात. दोन्ही प्राइमरने परत सिक्वेन्सिंगला पाठवतेय, जीनोमच्या खर्चाचं सोमवारी मॅडमना विचारते. काका, स्टॉक तीन केलेत, एक दुसऱ्या डिपार्टमेंटच्या फ्रीझरमध्ये ठेवलाय.

पेट्रीप्लेट:
पूर्ण सिक्वेन्स आला की इथेच टाक. आणि माती कुठल्या खोलीवरून घेतली, कुठल्या महिन्यात, ते आजच वहीत लिही, नंतर आठवत नाही.