सातपुड्यातल्या आरोग्य योजनांचं मोल कशात मोजायचं?

तोरणमाळकर:
नंदुरबार २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे ४९ निर्देशांकांवर जिल्ह्यांची क्रमवारी लागते, आरोग्य-पोषणाला त्यात ३० टक्के वजन. क्रमवारीला माझा विरोध नाही. पण धडगाव-अक्कलकुव्यातल्या माणसाच्या जगण्यात योजनेमुळे काय फरक पडला, हे त्या रकान्यांतून कळत नाही.

सिकलसेलचंच घ्या, आईबापाकडून मुलांत येणारा हा रक्ताचा आजार. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. आमच्या भिल्ल-पावरा वस्त्यांना तपासणी हवीच होती. पण किती जणांचं रक्त तपासलं, किती कार्डं वाटली, एवढ्यावर आढावा संपतो. कार्ड हातात आल्यावर पुढे काय? या आजारावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. गोळी दर महिन्याला उपकेंद्रात मिळाली का? पोर हातपाय धरून कळवळायचं, ते दिवस कमी झाले का? त्यापायी आईची मजुरी बुडायची, ती वाचली का? नवराबायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचा दोष अंगात असेल, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न ठरायच्या आधी हे त्या पोरापोरीला धीराने समजावणारं कोणी होतं का? योजनेचं मोल मी यात धरतो, आणि हे मोजणं पाड्यावर जाऊन, तिथल्या लोकांना विचारूनच होईल.

जळगावचा हिशेबनीस:
भाऊ, तळमळ समजते, पण या मार्गाने पैसा मिळणार नाही. अर्थखात्यापुढे रस्ता, धरण आणि दवाखाना एकाच टेबलावर येतात. रस्तेवाले फायद्याचा आकडा घेऊन येतात, आपण नुसती व्यथा घेऊन गेलो तर रिकाम्या हाताने परत येऊ. लवकर झालेला मृत्यू आणि आजारात काढलेली वर्षं एका मापात आणायची पद्धत १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालापासून रूढ आहे. खर्चाच्या मानाने कुठला उपचार किती उपयोगी, हे तपासायला आपल्याकडेही २०१७ पासून केंद्राची यंत्रणा आहे. रुपयांत मांडा, मग बघा कोण नाही म्हणतं.

बोरीकाठची:
रुपयांतच मांडायचं, तर बुडालेल्या मजुरीवरून मोल काढण्याची पद्धत आठवा. त्या हिशेबात धडगावच्या बाईचा दिवस जळगावच्या बँकेतल्या माणसाच्या दिवसापेक्षा स्वस्त पडतो. म्हणजे जिला आधीच कमी मिळतं, तिचं दुखणंही कमी किमतीचं. हे मला मुळीच मान्य नाही.

जळगावचा हिशेबनीस:
ताई, मजुरीचा हिशेब मलाही नको. मी म्हणतो त्या मापात कमाई येतच नाही, गरिबाचं आणि श्रीमंताचं आयुष्याचं वर्ष सारखंच धरतात. पूर्वी त्यात वयानुसार कमीजास्त वजन असायचं, पुढच्या वर्षांचं मोलही घटवून धरायचे. आजारांच्या ओझ्याच्या २०१० च्या जागतिक अभ्यासात दोन्ही काढून टाकलं. माप सुधारत जातं. म्हणून ते टाकून द्यायचं नसतं.

आशाताई, मोलगी भाग:
मी आशा आहे. तुमचं सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडचं सांगते.

कुपोषित बाळ ग्राम बालविकास केंद्रात येतं, खाऊ-औषध मिळतं, वजन वाढतं, नाव 'सुधारलं' मध्ये जातं. दिवाळीनंतर तेच घर ऊसतोडीला गुजरातेत निघून जातं. होळीच्या सुमाराला परत येतं तेव्हा बाळ पुन्हा वाळलेलं असतं. मग ते नवीन नोंद म्हणून येतं. कागदावर दोन बाळांचं काम झालं, खरं तर एकच बाळ आहे आणि ते अजून तिथंच आहे. मधल्या महिन्यांत तिकडच्या अंगणवाडीत त्याला जेवण मिळालं का, हे आमच्या रजिस्टरात कुठंच येत नाही. मोजायचं तर ते मोजा ना.

दुसरं असं, नर्मदाकाठच्या पाड्यावर जायचं तर कधी बोट, कधी डोंगर चढून पायी. चार घरांना लस द्यायला पूर्ण दिवस जातो. सपाटीवर तेवढ्या वेळात पूर्ण गाव होतं. माणशी खर्चाचा हिशेब लावलात तर आमचं काम महागच दिसणार. मग वरचे साहेब म्हणतील, एवढ्या पैशात शहाद्याकडे जास्त लोक होतात. तसं झालं तर त्या चार घरांनी कुणाकडे बघायचं?

भडगावचा मास्तर:
ताईंचं म्हणणं मनाला लागलं, पण मोजणीचा रागही बरोबर नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. तुलनेची गावं नसती तर 'रस्ते झाले, काळ बदलला, म्हणून बाळं जगली' असं कोणीही म्हटलं असतं. २०११ पासून आशांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे हा काटेकोर आकडा आहे.

बोरीकाठची:
मास्तर, ती मोजणी घरोघरी जाऊन, प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवून झाली होती. वरून लक्ष्य आलं आणि खालून तेवढंच भरून पाठवलं, असं तिथे नव्हतं.

जळगावचा हिशेबनीस:
आशाताईंच्या महाग पाड्यांवर माझं उत्तर आहे. ज्यांना आजवर काहीच मिळालं नाही, त्यांना मिळालेल्या आरोग्याला हिशेबात जास्त वजन द्या. तशी पद्धत आहे. पण ते वजन उघडपणे लिहा, म्हणजे सरकारने कुणाला किती महत्त्व दिलं हे सगळ्यांना दिसेल.

तोरणमाळकर:
ते वजन कोण ठरवणार, यावर माझं अडतं. मुंबई-दिल्लीत ठरलं तर नर्मदाकाठ पुन्हा तळाला जाईल. २००७ मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होतं. गावातल्या लोकांनीच सेवेला लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर उभं राहून सांगायचं. हिशेबनीसभाऊ, तुमचा तक्ता घेऊन पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, एखाद्या ग्रामसभेत या. वजनाचा रकाना तिथे कोरा ठेवा, बायका भरतील.

आशाताई, मोलगी भाग:
ग्रामसभा ठेवायची तर होळीनंतर ठेवा. त्याआधी पाड्यावर म्हातारीकोतारीच असतात.