सेकंडहँड डीएसएलआर घेतला, पण कानबाईचे सगळे फोटो हललेले आले

केळीवाला_रावेर:
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे. दोन महिन्यांपूर्वी कॅननचा जुना डीएसएलआर घेतला एकाकडून, सोबत १८-५५ ची लेन्स. कानबाई (आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी) घरी बसली तेव्हा म्हटलं आता दाखवतो सगळ्यांना, तर रात्री घरात काढलेले बठ्ठे फोटो हललेले. एकाने सांगितलं शटर वाढव, ते १/५०० सेकंद केलं तर फोटो काळे आणि त्यात आडवे पट्टे! सोमवारी विसर्जनाची मिरवणूक दुपारची, तिथे आभाळ पांढरंफेक. काकूच्या मोबाइलमधले माझ्यापेक्षा चांगले आले, तिने स्टेटसला लावले बी आणि वर मलाच विचारते तू नाही का टाकले. बहिणीचा केळीच्या बागेत काढला तर तिचं तोंड हिरवं. अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर (किती वेळ उघडं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट) यांचा त्रिकोण यूट्यूबवर पाचदा बघितला, बघताना समजतं, कॅमेरा हातात आला की गायब. डायलवरचा टीव्ही मोड म्हणजे टीव्हीला जोडायचा असेल असं मी महिनाभर समजत होतो (हसू नका). बाबा म्हणतात एवढ्यात ठिबकच्या नळ्या आल्या असत्या. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजारात, घोड्यांचे फोटो काढायचेत. आधी चांगली लेन्स घेऊ का क्लास लावू?

पांझराकाठ:
भो, कॅमेरामा काहीच खोट नही, हात हालस तुना 😄 लेन्सना पैसा ठिबकले दे.

तापीकाठ:
पांझराकाठ भाऊ, त्याचा हातच नाही हालत, माणसं पण हालतात ना. रात्री घरात कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही म्हणून ऑटोवर तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, मग आरती ओवाळणारा हात पुसलेला येणारच.

केळीवाला, तू झूम करून काढले असणार, बरोबर? या लेन्सचं तोंड १८ वर एफ ३.५ इतकं उघडतं, ५५ ला नेलं की ५.६ च (एफचा आकडा मोठा म्हणजे तोंड लहान). म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड तिथेच गेला. घरात असशील तर १८-२४ च्या आसपास ठेव आणि दोन पावलं पुढे जा, झूम पायाने कर. पट्ट्यांचं कारण वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला ते दिसत नाही पण १/५०० ला दिसतं. म्हणून घरात तो टीव्ही मोडच लाव (टीव्ही म्हणजे टाइम व्हॅल्यू, शटरचा वेळ तू ठरवायचा, बाकी तो बघतो), १/१०० ठेव, आयएसओ ऑटो. आयएसओ ३२०० ला गेला तर जाऊ दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला कोणीच नीट करून देऊ शकत नाही. मॅन्युअल मोडच्या (सगळं स्वतःच ठरवायचं) मागे आत्ता लागू नको, यूट्यूबवाल्यांनी उगाच त्याची इज्जत वाढवून ठेवली आहे.

बहिणीचं तोंड हिरवं कारण केळीच्या पानातून गाळून येणारा उजेडच हिरवा असतो, व्हाइट बॅलन्सने (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवायची सेटिंग) थोडं सुधरेल पण पूर्ण नाही. तिला बागेच्या कडेला बांधावर आण, मागे बाग राहू दे, तोंडावर मोकळ्या आभाळाचा उजेड. आणि दुपारी १२ ला आभाळ पांढरं येणारच, सावलीतला चेहरा आणि आभाळ दोन्ही एकदम धरायची सेन्सरची ताकद नाही. सकाळी लवकर ऊठ, सूर्य पाठीमागे घे.

आता खरा गृहपाठ. घरी म्हैस आहे का? म्हशीचा फोटो काढ, पूर्ण फ्रेम भरून. ती राखाडी येईल. पांढऱ्या बैलाचा काढ, तो पण राखाडीच येईल. कॅमेऱ्याला वाटतं जगातली प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी आहे, तो सगळ्यांना ओढून तिथेच आणतो. प्लस-मायनसचं बटण असतं त्याने म्हशीला उणे १ दे आणि बैलाला अधिक १. पोळा येतोच आहे, गावभर मॉडेल फुकट उभे राहतील. हे एक जमलं ना की सारंगखेड्याच्या पांढऱ्या-काळ्या घोड्यांची भीती राहणार नाही.

रॉ_वाला_धुळे:
सगळं पटलं, फक्त रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची फाइल, जेपेग न बनवता) काढायचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवसापासून रॉ, नंतर व्हाइट बॅलन्स, उजेड सगळं आरामात बदलता येतं. लळिंग किल्ल्यावरचे माझे फोटो जेपेगमध्ये होते, आभाळ पांढरं फुटलं ते फुटलं, आजपर्यंत पस्तावतो.

तापीकाठ:
पूर्ण फुटलेलं आभाळ रॉ मध्ये पण परत येत नाही हो. आणि नव्या माणसाने रोज रात्री ३०० फायली कॉम्प्युटरवर उघडत बसायचं का, चार दिवसांत कॅमेरा कपाटात जाईल. फार तर दोन्ही सोबत सेव्ह करू दे.

रॉ_वाला_धुळे:
कार्ड मोठं घ्यावं लागेल मग. पण ठीक आहे, ते मान्य.

शहाद्याची_ताई:
सारंगखेडा आमच्या तालुक्यातच, दत्तजयंतीला दरवर्षी जाते म्हणून सांगते. मैदानात धूळ इतकी असते की लेन्स बदलायचं नावच काढू नकोस, त्यामुळे नवी लेन्स घेतलीस तरी तिथे एकच लावून फिरशील. तीच धूळ संध्याकाळी सूर्य समोरच्या बाजूला ठेवून बघ, सोनं असतं, ते चुकवू नको. पळता घोडा गोठवायचा तर १/१०००, चांगल्या उन्हात आयएसओ २०० ला आरामात मिळतं. वेग दाखवायचा तर १/६० ठेवून घोड्यासोबत कमरेतून वळत राहायचं आणि क्लिक झाल्यावर पण थांबायचं नाही, २० मधला एक येतो, मला तर पहिल्या वर्षी एकही नाही आला. त्याचा सराव गावच्या रस्त्यावर मोटरसायकलींवर करून ये.

मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकाला टोक भिडतं. मालकाला कान ताठ उभे असलेला फोटोच आवडतो, कान मागे पाडलेले असतील तर तो म्हणेल माझा घोडा आजारी दाखवला. आधी मालकाला विचार, मग काढ, मग स्क्रीनवर दाखव. एवढं केलं की तो स्वतःच घोडा फिरवून दाखवतो. आणि घोड्याच्या मागे उभा राहू नको रे बाबा, व्ह्यूफाइंडरमध्ये (कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीत) डोळा असला की भान राहत नाही.

केळीवाला_रावेर:
पोळा झाला, सांगायला आलो. म्हैस उणे १ ला एकदम काळी कुळकुळीत आली, आईने ओळखली! बैलाचं अधिक १ केल्यावर झूल आणि अंग मस्त, पण शिंगांना लावलेला बेगड सगळा पांढरा फुटला, मग अर्ध्यावर आणलं तेव्हा बरा आला. संध्याकाळी दारात ओवाळतानाचे १/१०० ला काढले, दाणे आहेत पण हात हाताच्या जागी आहे. मोटरसायकलवाला सराव केला, एक जण थांबून विचारत होता हेल्मेटची पावती फाडता का. लेन्स नाही घेतली. ताई, सारंगखेड्याला सकाळी किती वाजता पोचलेलं बरं, रावेरहून रात्रीच निघावं लागेल ना?