प्रतिसाद: १९९८च्या डॉज रॅमला २००३च्या रॅमचा छतावरचा कन्सोल

१९९८च्या डॉज रॅम पिकअप ट्रकला २००३च्या रॅमचा छतावरचा कन्सोल (होकायंत्र, मायलेज वगैरे दाखवणारा डबा) लावता येईल का, हा मूळ प्रश्न. तो छतात बसेल की नाही यावर वर बरीच चर्चा झाली, पण खरी अडचण वायरिंगच्या भाषेची आहे. गाडीतले भाग ज्या सामायिक तारांवरून एकमेकांना माहिती पाठवतात, त्यांना बस म्हणतात. १९९८च्या रॅममध्ये सीसीडी नावाची बस आहे: पीळ दिलेल्या दोन तारा, वेग सेकंदाला ७,८१२.५ बिट. २००३च्या रॅममध्ये पीसीआय नावाची बस, म्हणजे जे१८५० या मानकाची एकच तार, वेग सेकंदाला १०.४ किलोबिट. व्होल्टेजही निराळं. त्यामुळे नव्या कन्सोलची तार सीसीडीच्या तारेला जोडून काहीही साधणार नाही, आणि कृपया तसा प्रयोग करूही नका. त्याच दोन तारांवर गाडीतली इतर मॉड्यूलंही (छोटे नियंत्रक संगणक) बोलतात.

आपल्या गाडीतली सीसीडी बस चालू आहे याची खात्री करायची असेल तर निदानाच्या सॉकेटमध्ये (मेकॅनिक बिघाड तपासायला यंत्र जोडतो ते) पिन ३ आणि ११ बघा. इग्निशन चालू असताना दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट दिसले तर बस जिवंत आहे.

माझं स्पष्ट मत: १९९८ ते २००१ मधल्या रॅमचाच, ट्रिप कॉम्प्युटरवाला (प्रवासाचे आकडे दाखवणारा) कन्सोल भंगारयार्डातून शोधा. तारेच्या सॉकेटसकट, वीतभर वायर ठेवून कापून आणा. दिसायला तो जुना वाटेल, पण मायलेज आणि उरलेल्या इंधनात जाता येईल ते अंतर खरं दाखवेल. नव्याच्या देखण्या काचेपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

बसवल्यावर होकायंत्राचा विभाग (चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जागेनुसार बदलतो, त्यासाठीचा क्रमांक) आपल्या भागाप्रमाणे निवडा आणि कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे होकायंत्र जुळवून घ्यायला, मोकळ्या मैदानात गाडीने सावकाश तीन पूर्ण चकरा मारा. चुंबकी बुडाचा अँटेना छतावर असेल तर आधी तो काढा, नाहीतर दिशा चुकतच राहील.