खाजणावरील भरावाला हरकत कशी घ्यावी? (तातडीने मदत हवी आहे)

खाडीकर: आमच्या खाजणावर (भरतीचे पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या सखल जमिनीवर) दरवर्षी रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उतरतात आणि आता तेथेच भरावाचा प्रस्ताव आला आहे. मुदत संपत आली असून तलाठी कार्यालयात 'वर विचारा' एवढेच उत्तर मिळते. कोणाकडे हरकतीचा मसुदा असल्यास कृपया आजच द्यावा.

पाणकोंबडी: हरकत विकास आराखड्यावर घ्यायची आहे की पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत? दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. जिल्हा कोणता, कांदळवन आहे का, हेही आपण लिहिलेले नाही.

जुना कारकून: मसुद्यात वेळ घालवू नका, थेट न्यायालयात जा. नवी मुंबईतील नेरुळच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि इमारतींसाठी केलेला जमीनवापरातील बदल उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केला होता.

पाणकोंबडी: त्या निकालाला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, हेही सांगा. शिवाय तेथे निर्णय झालेला होता, येथे सुनावणीच बाकी दिसते.

भरतीवाला: कायद्याआधी नोंदी हव्यात. ओहोटीला पक्षी खाडीतील चिखलावर चरतात आणि चिखल बुडाला की आतल्या पाणथळीत विसाव्याला येतात. प्रकल्पाचा पर्यावरण सल्लागार नेमका ओहोटीला येतो आणि खाजणात 'पक्षी आढळले नाहीत' असे लिहून जातो. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) मिळाला, तरी नेरुळची विसाव्याची तळी खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीबाहेरच होती. म्हणून भरतीच्या वेळेसह मोजणी करा आणि चिखल्या, तुतवार हे चिखलात चरणारे लहान पक्षीही मोजा, केवळ रोहित नव्हे.

निसर्गवेडा: रोहितांचा गुलाबी रंग त्यांच्या खाद्यातील रंगद्रव्यांमुळे येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

खाडीकर: रंगाचे नंतर पाहू. जिल्हा रायगड, जेटी आणि गोदामांसाठी जनसुनावणी आहे. कांदळवन अर्थातच आहे. उघाडीत (बांधातील भरतीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या दारात) मुरूम टाकल्यामुळे भरतीचे पाणी आत येणे बंद झाले आहे.

पाणकोंबडी: ही उघाडीची गोष्ट पहिल्याच संदेशात यायला हवी होती. पाणी अडवून जागा कोरडी पडली की ती पाणथळ नव्हतीच असा दावा होतो, त्यामुळे मुरमाची दिनांकित छायाचित्रे आणि जुनी उपग्रहचित्रे जोडून तहसीलदारांकडे वेगळी तक्रार द्या. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या आघात अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात उपलब्ध असावा लागतो. तो आधी वाचा. हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीतही बोला, म्हणजे इतिवृत्तात नोंद होईल. 2017 च्या पाणथळ नियमांवर मात्र विसंबू नका, कारण किनारा नियमन क्षेत्रातील (समुद्र-खाडीकाठच्या सीआरझेड पट्ट्यातील) जागा त्यांतून वगळलेल्या आहेत.

जुना कारकून: तरीही वकील आत्ताच गाठून ठेवा. मंजुरी निघाल्यास राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणविषयक दाव्यांचे न्यायाधिकरण) अपिलाची मूळ मुदत 30 दिवसांचीच असते.

खाडीकर: सारांश उद्याच मागतो. पण मोजणी मी एकट्याने केली तर ग्राह्य धरतील का?