पिवळा गूळ विष, मग काळा अमृत व्हय?

करवीरकर: "पिवळा गूळ म्हणजे विष, गुऱ्हाळवाले चोर, काळाच खा" हा फॉरवर्ड आज मेहुण्यानं पण पाठवला, म्हणून लिहितोय. आमचं गुऱ्हाळ होतं, आता बंद. काहिलीत रस तापला की वर मळी येते. ती भेंडीच्या चिकट पाण्यानं काढायची, ही आजोबांची रीत. हायड्रोस, म्हणजे गूळ पिवळा करायची रासायनिक पावडर, मागनं आलं. का आलं? कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, आला की दर चढणार, काळपट रवा बाजूला. गुजरातचा व्यापारी आधी रंगच बघतो. दर रंगाला द्यायचा आणि शिव्या गुळव्याला?

राजारामपुरीची काकू: दर व्यापारी देतो, मला कोण विचारतंय? हायड्रोसमुळं गुळात राहणारा सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 70 च्या, आत पाहिजे असा नियम आहे म्हणे. किती आहे ते रव्यावर कधी वाचलंय? दिवाळीला आणलेला रवा चहात टाकला की चहा फाटायचा. दुकानदार म्हणतो, "दूधच खराब असंल वैनी."

तालीमवाला: पिशवीचं दूध आणल्यावर आणि काय होणार? गंगावेशीत कट्ट्यावर या. म्हैस समोर, धार समोर, ग्लासावर बोटभर फेस. भेसळ करायला टाइमच न्हाई!

लॅबवाली: भेसळ नाही म्हणजे जंतू नाहीत? न तापवलेल्या दुधातनं ब्रुसेला जंतूचा आजार होतो. माझ्या दिरांना झाला. ताप यायचा, जायचा, सांधे धरलेले आणि औषधं चाललेली टायफॉइडची.

तालीमवाला: आमच्यात पिढ्यान् पिढ्या पैलवान धारोष्ण पितात. एक आजारी दाखवा.

लॅबवाली: आजारी पडलेला तालमीत कशाला येईल? तो घरात गोधडीत असतोय.

तालीमवाला: पुस्तकं वाचून म्हशी कळत न्हाईत ताई.

लॅबवाली: रक्ताचे रिपोर्ट वाचते मी, पुस्तकं नाही. आणि कट्ट्यावर यायच्या आधी गोठ्यात म्हशीला पान्हा सुटायचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, टोचलं का, ते फेसात दिसतं का?

तालीमवाला: आमच्या गवळ्यावर जायचं काम न्हाई! उकळून पितो उद्यापासनं, खुश? चव गेली तर बिल तुमच्या लॅबला.

करवीरकर: अहो, गुळाचं काय? काकू, गुळाचा चहा फाटतोच. गॅस बंद करून शेवटी दूध घाला. हायड्रोस वाईट, मान्य. पण उसाच्या रसात साखर ओतून रवे पाडतात, त्यावर सगळे गप्प. तो रवा काळाही करता येतो. 2014 ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, आणि बाहेरचा मालही आपल्या नावावर खपतोय.

राजारामपुरीची काकू: म्हणजे पिवळ्यात हायड्रोस, काळ्यात साखर, आणि हे सांगणार गुऱ्हाळवालेच! वा. मग दुकानात ओळखायचं कसं?

करवीरकर: ओळखीचं गुऱ्हाळ धरा. हंगामात काहिलीजवळ उभं राहून बघा.

राजारामपुरीची काकू: रजा टाकून?

लॅबवाली: 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 40 आहे. गिऱ्हाईक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतं. दोष निघाला तर फी परत.

राजारामपुरीची काकू: आणि नाही निघाला तर किलोभर गुळापायी फी माझ्या बोकांडी. करवीरकर, निम्मी तुम्ही भरा, रवा उद्याच देते.